हात लावण्यापूर्वी : महाविद्यालयांतील न्यायसहायक विज्ञानाविषयी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा लसीकरण, कुपोषण किंवा मुलांच्या हातातील मोबाईल यांपैकी एखाद्या विषयावर मी लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. बालरोगतज्ज्ञाने आपल्या अंगणातच राहावे, हे एका अर्थी योग्यही आहे. परंतु अलीकडे माझ्या तपासणी कक्षात एक नवा प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे. ज्या मुलांना मी बीसीजीच्या लसीपासून ओळखते, ती आता बारावीला पोहोचली आहेत आणि त्यांचे पालक विचारतात, "मॅडम, पोरगी फॉरेन्सिक घ्यायचं म्हणते. घालू का?" आपल्या भागातील काही महाविद्यालयेही या विषयाचा एखादा अभ्यासक्रम सुरू करण्याच्या विचारात आहेत आणि त्यासंबंधी आपल्यासारख्या डॉक्टरांचे मत विचारले जाते. त्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

माझे मत प्रारंभीच सांगते. न्यायसहायक विज्ञानाची आणि घटनास्थळाच्या तपासाची तोंडओळख आपल्या भागातील प्रत्येक महाविद्यालयात, कला, वाणिज्य, विज्ञान आणि परिचर्या अशा सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना व्हावी. त्यातून गुन्हे अन्वेषण विभागाचे अधिकारी निर्माण होतील, या आशेने मी हे म्हणत नाही. माझे कारण निराळे आहे आणि ते माझ्या स्वतःच्या एका चुकीतून आले आहे. ती चूक मी आजवर कोठे लिहिली नव्हती. संबंधितांची ओळख पटू नये, एवढ्यापुरते तपशील झाकून ती येथे सांगते.

सन १९९९. दिवाळीच्या आसपासचे दिवस. एम.डी. होऊन मला फार काळ झाला नव्हता. तुरीवर फवारणी चालू होती. संध्याकाळी पाच वर्षांच्या एका मुलाला जीपमध्ये घालून आणले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर आणि श्वासाला लसणासारखा उग्र दर्प. निदानाला वेळ लागला नाही. ऑरगॅनोफॉस्फेट. आम्ही पोट धुतले, ॲट्रोपीन सुरू केले आणि रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिलो. पहाटे बाहुल्या पसरू लागल्या, छाती मोकळी झाली. मूल वाचले. त्या वयात एखाद्या डॉक्टरला जेवढा आनंद होतो, तेवढा मला झाला.

चौथ्या दिवशी पोलीस आले. दोन भावांत शेतीचा जुना वाद होता आणि मुलाने दुपारी काकूच्या हातचा भात खाल्ला होता. काकू सांगत होती, की पोर फवारणीच्या पंपापाशी खेळत होते आणि औषधाने भिजलेल्या पोत्यावर लोळत होते. पोलिसांचा प्रश्न साधा होता : विष पोटातून गेले की कातडीवाटे? आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे, की दोन्ही शक्य असते. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना जे शेतकरी आणि मजूर दगावले, त्यांनी काही विष प्यालेले नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर देण्याची क्षमता असलेल्या दोनच वस्तू होत्या. एक, पोट धुतलेले पहिले पाणी; दुसरी, मुलाच्या अंगावरचा सदरा. पाण्यात विष भरपूर आणि सदरा कोरडा, तर एक अर्थ. सदरा माखलेला आणि पाण्यात अंशमात्र, तर दुसरा. ते पाणी आम्ही मोरीत ओतले होते. सदरा काढणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यकच होते. पण "हे आधी बाहेर टाका," असे मीच म्हटले आणि एका आज्ञाधारक नातेवाइकाने तो इमारतीमागे नेऊन जाळला. घरी शेजारणींनी मायेपोटी भांडी घासून, स्वयंपाकघर सारवून ठेवले होते. पोलिसांना देण्यासारखे माझ्याकडे केवळ केसपेपर होते. खटला उभा राहिला नाही. मात्र घराने आपला निकाल दिला. काकूला माहेरी पाठवण्यात आले. ती परत आली नाही.

तो मुलगा आता तिशीत आहे. आपल्या मुलीला लसीसाठी माझ्याकडेच घेऊन येतो. मागील वर्षी लस झाल्यावर तो थोडा घुटमळला आणि त्याने हलक्या आवाजात विचारले, "मॅडम, काकूनं खरंच घातलं होतं का हो?" मला सांगता आले नाही. कोणालाच सांगता येणार नाही. त्याचा जीव वाचवण्यास जे केले, ते सारे योग्य होते. पण एक बाटली, एक कागदी पाकीट आणि दोन मिनिटांचे भान एवढे त्या रात्री असते, तर एक बाई कदाचित कलंकातून सुटली असती किंवा एक गुन्हा उघड झाला असता. दोहोंपैकी काय झाले असते, हेही आज कळण्यास मार्ग नाही.

याउलट उदाहरणही सांगण्यासारखे आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. तेथे उरलेले अन्न, ताटे आणि तेलाचा डबा न्यायसहायक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला आणि त्यांत मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे सिद्ध झाले. मुले परत आली नाहीत. परंतु निदान कारण कळले आणि जबाबदारी ठरवता आली.

माझ्या प्रसंगात पुरावा नष्ट करणारे कोण होते? मी, परिचारिका, नातेवाईक, शेजारणी. आम्ही सर्व सज्जन होतो आणि प्रत्येकजण मदतच करीत होता. घटनास्थळाची सर्वांत अधिक हानी बहुधा अशा मदतीनेच होते. पोलीस येईपर्यंत जमिनीवरचे रक्त धुतले जाते, मृताच्या अंगावर चादर पडते, पडलेले हत्यार कोणीतरी उचलून बाजूला ठेवतो. सन २००८ मधील नोएडाचे आरुषी प्रकरण आपल्याला आठवत असेल. त्या घरात पहिल्या दिवशी किती माणसे वावरली, याला गणती नाही. गच्चीवरचा दुसरा मृतदेह तर दुसऱ्या दिवशी सापडला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्या डॉक्टर दांपत्याची मुक्तता केली. परंतु खून कोणी केला, हा प्रश्न आजही अनुत्तरितच आहे.

आता आपल्या जिल्ह्यातील एका घटनेकडे वळते. ती आठवणे सुखाचे नाही. दिनांक १३ जुलै २०१८ रोजी औराद भागातील मुरकी गावाजवळ जमावाने एका तरुणाचा जीव घेतला. हैदराबादचा तो संगणक अभियंता मित्रांसमवेत सहलीला आला होता. वाटेत त्यांच्यापैकी एकाने शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली. 'मुले पळवणारी टोळी आली' असा संदेश मोबाईलवरून पुढच्या गावी त्यांच्या आधी पोहोचला. रस्ता अडवला गेला, गाडी खड्ड्यात गेली आणि पुढे जे घडले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. त्याचे सोबती जखमी झाले आणि त्यांना सोडवण्यासाठी धावलेले पोलीसही जखमी झाले. त्याच्या अवघे बारा दिवस आधी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी भटक्या समाजाच्या पाच जणांना याच संशयावरून ठार मारण्यात आले होते.

त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीमधील बालसुरक्षा मोहिमेसाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी, मूल परत आणून सोडले जाते आणि सावधगिरीचा संदेश येतो. तेवढा शेवट कोणीतरी कापला आणि उरलेला तुकडा 'पुरावा' म्हणून गावोगाव पोहोचला. हे कोठले आहे, कधीचे आहे, मूळ कोणाकडे आहे आणि यातले काय कापले आहे, असे चार प्रश्न विचारणारा एक माणूस प्रत्येक गटात हवा होता. न्यायसहायक विज्ञानाचा पहिला धडा म्हणजे हेच चार प्रश्न. रक्ताचा डाग असो वा चित्रफीत, ते बदलत नाहीत.

या दोन घटना मी शेजारी ठेवते, तेव्हा मला एकच रोग दिसतो. एकीकडे पुरावा हाती असून आम्ही तो फेकून दिला. दुसरीकडे पुराव्यासाठी कोणी क्षणभर थांबलेच नाही. दोन्हीकडे निकाल मात्र लागला आणि तो निरपराधाला भोगावा लागला असण्याची शक्यता एकीकडे आहे, तर दुसरीकडे खात्री. लस द्यायची तर ती याच रोगावर द्यावी लागेल आणि योग्य वय महाविद्यालयाचे आहे. गावात काही अघटित घडते, तेव्हा 'जरा पुढे हो, शिकलेला आहेस' असे म्हणून ज्याला पुढे केले जाते, तो बहुधा पदवीचा विद्यार्थीच असतो. मोबाईलही त्याच्याच हातात असतो.

हे शास्त्र परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'कण्टकशोधन' या अधिकरणात 'आशुमृतकपरीक्षा' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. अकस्मात मृत्यू पावलेल्याच्या देहाला तेल लावून तपासावे, गळा दाबलेल्याची, बुडालेल्याची आणि विषबाधेची लक्षणे निरनिराळी ओळखावीत, असे त्यात सांगितले आहे. आधुनिक काळात रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा मद्रासला १८४९ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये सुरू झाली. बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यास उघडले आणि ठशांच्या वर्गीकरणाचे मोठे काम अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी केले. फ्रान्समध्ये एदमों लोकार यांनी लियों शहरात १९१० साली प्रयोगशाळा थाटली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला, की प्रत्येकीचे काहीतरी दुसरीवर राहते, हे त्यांचे तत्त्व आजही या शास्त्राचा पाया आहे. आपल्या शेजारच्या हैदराबादेत डॉ. लालजी सिंह यांनी डीएनए ठशांचे तंत्र भारतात रुजवले. म्हणजे बीदरहून तीन तासांच्या अंतरावर या विषयाचे एक मोठे केंद्र कितीतरी वर्षे उभे आहे आणि आपल्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नसते.

विषयाची निकड आता कायद्यानेही वाढवली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण व्हावे, असे तिच्या कलम १७६ मध्ये सांगितले आहे. ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतचा अवधी आहे. कर्नाटक शासनाने घटनास्थळ अधिकाऱ्यांची स्वतंत्र पदे निर्माण केली आहेत. कलबुर्गी येथे प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे केंद्र धारवाडला आले आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्राने मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था स्थापन केल्या आहेत आणि नांदेडलाही प्रयोगशाळा आहे.

हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि अंतराचा हिशेब करावा. कलबुर्गीहून बीदर शंभर किलोमीटरहून दूर; तेथून औराद, कमलनगर किंवा सीमेवरची एखादी वाडी आणखी पुढे. पावसाळ्यातील रस्ता धरला, तर तज्ज्ञ पोहोचेपर्यंत अर्धा दिवस सरतो. तो अर्धा दिवस घटनास्थळ कोणाच्या ताब्यात असते? गावकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, आशा कार्यकर्तीच्या आणि जवळच्या डॉक्टरच्या. कायद्याने तज्ज्ञ पाठवला, तरी त्याने पाहावे असे काही शिल्लक ठेवणे हे या लोकांच्याच हाती आहे.

मग शिकवावे काय? एका सत्रात तीस तासांचा अभ्यासक्रम पुरेसा आहे, असे मला वाटते. त्याचा पहिला नियम असा, की जीव आधी, पुरावा नंतर. गळफास घेतलेल्या माणसात धुगधुगी असण्याची शक्यता असेल, तर क्षणाचाही विलंब न करता त्याला खाली घ्यावे; मात्र दोरी गाठीपासून दूर कापावी, गाठ सोडू नये. जखमीचे कपडे कापावे लागले, तर भोसकल्याच्या छिद्रातून कात्री घालू नये. विषबाधेत बाटली, डबा, उलटी आणि उरलेले अन्न जपावे. सर्पदंशात सापाच्या मागे धावू नये. रुग्णाला आधी दवाखान्यात न्यावे. हे ज्ञान तज्ज्ञाचे नव्हे, शेजाऱ्याचे आहे.

दुसरा भाग जपणुकीचा. ओले रक्ताळलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले, की ओलाव्यात जंतू आणि बुरशी वाढते व त्यातील डीएनए नासते; ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत, हे पदवीच्या मुलांना एका प्रात्यक्षिकात कळते. वस्तू कोणी उचलली, कोणाला दिली, केव्हा दिली, याची साखळी लिहून ठेवणे हे तर कोणत्याही हिशेबनिसाला समजेल असे काम आहे. म्हणूनच वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यात मागे राहणार नाहीत, याची मला खात्री वाटते.

तिसरा भाग डिजिटल पुराव्याचा. व्हॉट्सॲपवरून पुढे ढकललेल्या छायाचित्रातून ते कधी व कोठे काढले, ही मूळ माहिती गळून पडते. मूळ मोबाईल आणि मूळ फाईल यांचे मोल वेगळे असते. पीडित मुलीचे छायाचित्र पुढे पाठवणे हा पुरावा जपणे नसून स्वतंत्र गुन्हा आहे. हे त्यांना आपणच सांगितले पाहिजे.

चौथ्या भागाविषयी मी बालरोगतज्ज्ञ म्हणून आग्रही आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेले मूल घरी आल्यावर आईचा पहिला हात त्याला आंघोळ घालण्याकडे जातो. ही मायाच असते. परंतु त्या आंघोळीबरोबर पुष्कळ काही वाहून जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घटनेनंतर ९६ तासांपर्यंत नमुने घेतले पाहिजेत. न धुतलेले कपडे सोबत आणावेत. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावी, असे २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. आणि शरीरावर खूण सापडली नाही, म्हणजे अत्याचार झालाच नाही, असे मुळीच नाही. उद्या शिक्षिका, परिचारिका, आई होणाऱ्या मुलींना आणि तितकेच मुलांनाही हे विसाव्या वर्षी ठाऊक असले, तर माझ्यापुढे येणाऱ्या कितीतरी प्रकरणांचा शेवट निराळा होईल.

पाचवा भाग आपल्या सीमाभागाचा म्हणून वेगळा आहे. सन १९५६ च्या पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले. सोयरीक मात्र दोन्हीकडे राहिली. अलीकडे पोलीस ज्याला महजर म्हणतात, त्याला पलीकडे पंचनामा म्हणतात. घटना औरादेत घडते, रुग्ण उदगीरला किंवा लातूरला नेला जातो, मृत्यू तेथे होतो आणि शवविच्छेदनही तेथेच. भाजलेली बाई मराठीत बोलते, कागद कन्नडमध्ये लिहिला जातो, न्यायालयात तो इंग्रजीत पोहोचतो. "पेटले" आणि "पेटवले" यांत एका अक्षराचे अंतर आहे. भाषांतरात ते हरवले, तर अपघाताचा खून होतो किंवा खुनाचा अपघात. ज्याला मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता येतात आणि जो माणसाचे शब्द जसेच्या तसे टिपणे म्हणजे काय, हे शिकला आहे, असा पदवीधर हा या भागातील न्यायाचा मोठा आधार ठरेल. पंच म्हणून बोलावले असता कागद वाचल्यावाचून आणि कोऱ्या जागी सही करू नये, एवढे जरी तो शिकला, तरी तीस तास सार्थकी लागले, असे मी म्हणेन.

येथे एक इशारा आवश्यक आहे आणि तो मी माझ्याच शाखेच्या इतिहासातून देते. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील स्त्रीची दोन तान्ही मुले, एक १९९६ मध्ये व दुसरे १९९८ मध्ये, दगावली. तिच्यावर खुनाचा खटला झाला. सर रॉय मेडो हे नामवंत बालरोगतज्ज्ञ साक्षीला उभे राहिले आणि अशा कुटुंबात दोन आकस्मिक बालमृत्यू होण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक आहे, असे त्यांनी सांगितले. एका मृत्यूच्या शक्यतेचा त्यांनी वर्ग केला होता. एकाच घरातील दोन भावंडांचे मृत्यू परस्परांशी संबंधित असू शकतात, हा विचारच त्यात नव्हता. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने पुढे या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. दुसऱ्या बाळाच्या देहातील जंतुसंसर्गाचे अहवाल बचाव पक्षापुढे आलेच नव्हते, हेही उघड झाले आणि जानेवारी २००३ मध्ये ती सुटली. चार वर्षांनी तिचा मृत्यू झाला. आकडा आणि पदवी यांच्यापुढे न्यायालयही झुकते. म्हणून विद्यार्थ्यांना तज्ज्ञाची भक्ती न शिकवता, तज्ज्ञाला प्रश्न विचारायला शिकवावे. आम्हां डॉक्टरांनाही या धड्याची तितकीच गरज आहे.

काही आक्षेप मी ऐकले आहेत. यातून गुन्हेगारांनाच युक्त्या कळतील, असे एक प्राचार्य म्हणाले. गुन्हेगाराला ज्या युक्त्या हव्यात, त्या त्याला चित्रपटांतून आणि मोबाईलवरून केव्हाच मिळाल्या आहेत. अज्ञानात राहिलेला आहे, तो साक्षीदार. दुसरा आक्षेप मुलांच्या कोवळ्या मनाचा. तो मला मान्य आहे. म्हणून वर्गात मृतदेहांची छायाचित्रे दाखवू नयेत, कोणत्याही खऱ्या प्रकरणातील पीडितांची नावे घेऊ नयेत आणि घटनास्थळाचे प्रात्यक्षिक एखाद्या रिकाम्या खोलीत सांडलेला चहा, फुटलेली बरणी आणि पिठातील पावलांचे ठसे एवढ्यावर करावे. तिसरा आक्षेप दूरदर्शन मालिकांचा. १९९८ साली सुरू झालेल्या 'सी.आय.डी.' मालिकेने आपल्या मुलांना हा विषय आवडता केला, हे तिचे श्रेय. परंतु तेथे अहवाल जाहिरातीच्या विश्रांतीत तयार होतो आणि तो नेहमी खात्रीचाच असतो. खऱ्या प्रयोगशाळेत 'निष्कर्ष काढता येत नाही' हेही प्रामाणिक उत्तर असते. हे उत्तर पचवायला शिकणे, हा अभ्यासक्रमाचा एक भागच मानावा.

आता मूळ प्रश्नाकडे. "पोरगीला फॉरेन्सिकला घालू का?" मी पालकांना सांगते, की तिची आवड खरी असेल, तर जरूर, पण नावाला भुलू नका. प्रयोगशाळेतील काम रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि आता संगणकशास्त्र यांच्या पायावर चालते. तो पाया पक्का करणारे महाविद्यालय निवडा, तेथे प्रयोगशाळा आहे का, शिकवणारा त्या विषयाचा आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. केवळ आकर्षक पदवीचे नाव आणि नोकरीची हमी कोणी देत असेल, तर तीच चौकशी करा, जी मी वर चित्रफितीबाबत सुचवली आहे.

आपल्या संघटनेपुढे माझा प्रस्ताव असा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालये आहेत, न्यायवैद्यक विभाग आहेत, अनुभवी वकील आणि निवृत्त पोलीस अधिकारी आहेत. पुढील शैक्षणिक वर्षात आपण सुरुवातीस दोन पदवी महाविद्यालये निवडू या. एक बीदर जिल्ह्यातील, एक कलबुर्गी जिल्ह्यातील. प्रत्येकी तीस तास. शिकवण्याची भाषा मुलांची, म्हणजे मराठी आणि कन्नड. मानधन नको. त्याबरोबरच आपापल्या रुग्णालयांत प्रत्येकाने एक छोटे खोके ठेवावे : स्वच्छ बाटल्या, कागदी पाकिटे, लाख, शिक्का, नोंदवही. माझ्या कक्षात असे खोके कितीतरी वर्षांपासून आहे. ते कशामुळे आले, हे माझ्या परिचारिकांनाही आज या लेखातूनच कळेल.

त्या तरुणाला मी अखेर काय सांगितले, असे कोणी विचारील. मी त्याला म्हटले, "मला माहीत नाही आणि त्यात चूक माझी आहे." तो काही वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, की काकू अजून आहे, म्हातारी झाली आहे, एकदा भेटून यावे, असे त्याच्या मनात आहे. तो गेला की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही. पुढील महिन्यात त्याच्या मुलीचा लसीचा दिवस आहे.